चिमीवरचा डाव

यंदा आमच्या रानात मळणीचं यंत्र आलं. ट्रॅक्टरला जोडलेलं ते यंत्र सकाळी बांध ओलांडून आत शिरलं आणि ऊन उतरायच्या आत सगळी कणसं खाऊन मोकळं झालं. नवरा खूश होता. बैलांच्या मागे गोल गोल फिरायचं नाही, वाऱ्याची वाट बघायची नाही. मी भाकरीचं टोपलं घेऊन गेले तेव्हा हवेत नुसती कणसांची बारीक कूस उडत होती आणि ती मानेला चावत होती. मग यंत्र बंद झालं. एवढा वेळ कानात भरलेला आवाज एकदम गेला, आणि जे उरलं ते मला ओळखीचं वाटलं. टोपलं डोक्यावर तसंच धरून मी उभी राहिले. माझा डावा हात अंगापासून थोडा दूर गेला, चालताना लहान लेकराचं बोट धरावं तसा. मी तो ओढून पदराखाली घेतला.

हे कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे.

यंदाची सुगी तशीही गप्पच होती. संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हापासून गाव दबक्या आवाजात बोलत होतं. पारावरची माणसं कुणी वाटेनं आलं की बोलणं थांबवायची. एस.टी. यायची, थोडी थांबायची, रिकामीच निघून जायची. दिवस मावळायच्या आधी दारं लागत होती. लोक म्हणायचे, अशी मुकी सुगी कधी बघितली नाही. मी बघितली होती. ती वेगळ्या कारणानं मुकी होती.

मी तेव्हा चौथीत होते. शाळेचं ते माझं शेवटचं वर्ष, पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं.

आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती पाय धरून ठेवते आणि माघ लागला की तडकते. भेगा अशा पडतात की काठी सोडली तर काठीची मूठही वर राहत नाही. आमचा एक रबरी चेंडू असाच भेगेत गेला होता. पडल्याचा आवाज आलाच नाही. सुभी, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्याची पोरगी, आमच्यात सगळ्यात थोरली, पालथी पडून भेगेला कान लावून राहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"अजून खालीच जायलाय," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. त्या सुगीभर मी भेग ओलांडताना पाय उचलून टाकत असे.

अशा जमिनीवर अनवाणी पळता येत नाही. ढेकळं, कापलेल्या ज्वारीचे सड, करडईचे काटे. सड तळव्यात गेला की पिकतो आणि पाय घेऊन बसावं लागतं. अख्ख्या शिवारात पोरांना पळण्यासारखी जागा एकच, ती म्हणजे खळं.

आमचं आणि किसनकाकाचं खळं एकच होतं. किसनकाका आमच्या भावकीतला, त्याचं रान आमच्या बांधाला लागून. दोन्ही घरांची माणसं मिळून जागा भिजवायची, बैल फिरवून चोपून घ्यायची, वरून शेणाचा काला द्यायची. वाळलं की खळं घरातल्या भुईपेक्षा गुळगुळीत व्हायचं. मधोमध लाकडाचा खांब, त्याला तिवडा म्हणतात. तिवड्याला बैल बांधायचे आणि पसरलेल्या कणसांवरून गोल फिरवायचे. उन्हं कलली की बैल सुटायचे. मग वारा देऊन रास एका अंगाला लावायची, तिच्यावर घोंगडी टाकायची, आणि उरलेलं खळं आमचं व्हायचं.

पण खळ्याचे कायदे होते. खळ्यात चप्पल नाही. रास पडलेली असली की मोठ्यानं बोलायचं नाही, कुणाला नावानं हाक मारायची नाही. हाक मारली तर ज्याला मारली त्याच्या आधी दुसरंच कुणी तरी ओ देतं, आणि मग ते राशीला वाटेकरी होतं. मापताना तर घरचा कर्ता माणूससुद्धा तोंडातल्या तोंडात मोजायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आणि मोजताना तोंडातून गेलेला आकडा चुकला तरी मागे घ्यायचा नाही. बा एकदा चुकला होता. तेच माप दोनदा बोलला. त्याला कळलं, सगळ्यांना कळलं, पण तो तसाच पुढं मोजत गेला. घरी आल्यावर मी मायला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "खळ्यावर बोललेलं परत घेत न्हाईत बाई. घेतलं की ते आपलं ऱ्हात न्हाई."

म्हणून आमचा खेळही मुका. मला तो त्यामुळेच आवडायचा. शाळेत गुरुजींनी उभं केलं की उत्तर माझ्या ओठांपर्यंत येऊन बसायचं आणि तिथून हलायचं नाही. पोरं मला मुकी म्हणायची. खळ्यावर सगळेच मुके होते. तिथं पायांचे तळवे वाजायचे, धापा ऐकू यायच्या, नाकातून दाबलेलं हसू यायचं, पलीकडे बैल रवंथ करायचे. एका संध्याकाळी गाडीवाटेनं एक कल्हईवाला चालला होता. त्यानं आम्हाला पाहिलं. एकमेकांचे हात धरून गोल पळणारी एवढी पोरं, आणि आवाज कुणाचाच नाही. तो जागच्या जागी थांबला, मग भाता खांद्यावर नीट घेतला आणि गावाकडे यायचं सोडून आल्या वाटेनं परत गेला. आमच्या घरांतली भांडी त्या वर्षी तशीच राहिली. माय पुढे कितीतरी दिवस विचारत होती, कल्हईवाला कामून आला न्हाई म्हणून.

खेळ असायचा साखळीचा. एकावर डाव. तो ज्याला धरेल त्यानं त्याचा हात धरायचा, मग दोघांनी मिळून तिसऱ्याला धरायचं. अशी साखळी वाढत जायची. टोकाच्यांनी धरायचं, मधल्यांनी हात सोडायचा नाही. अगदी लहान लेकरू खेळायला आलं तर ते कच्चं लिंबू. त्याला कुणी धरत नाही, ते कधी बाद होत नाही. त्याला साखळीच्या मधोमध दोन थोरल्यांच्या हातांत द्यायचं. टोकाला द्यायचं नाही, कारण साखळी वळली की टोकाचं पोर फरफटतं.

आदल्या सुगीत आमचं कच्चं लिंबू चिमी होती. किसनकाकाची लेक. तिचा एक हात माझ्या हातात, एक सुभीच्या. हात नेहमी गुळाने चिकट. वळण आलं की ती माझ्या तळव्यात नख रुतवायची आणि पाय उचलून घ्यायची, म्हणजे तिचा सगळा भार आमच्या दोघींच्या खांद्यांवर यायचा. त्याची तिला फार मजा वाटायची.

भादव्यात तिला ताप भरला. किसनकाका तिला खांद्यावर टाकून एस.टी.नं परभणीला घेऊन गेला. परत आला तेव्हा खांद्यावर नुसतं पांघरूण होतं. लहान लेकरू, तिला तिकडेच मातीआड करून आला. तिची आई, सोनाकाकू, तेव्हा बाळंतीण होती. पाठचा पोरगा, बारक्या, अंगावर पिणारा, म्हणून तिला जाऊ दिलं नव्हतं. तिनं चिमीला दारातून जाताना बघितलं होतं. गेलेली बघितली नव्हती. मला वाटतं, सगळं तिथंच अडकलं होतं.

मग सुगी आली. खळं सारवलं, तिवडा रोवला. पहिल्या दिवशी बैल सुटल्यावर आम्ही गोळा झालो आणि सुभीनं नेहमीसारखी हळू आवाजात माणसं लावली. "नाम्या, तू त्या टोकाला. तू हिकडं. चिमी कच्चं लिंबू, मधी."

ते तिच्या तोंडून सवयीनं गेलं. तिला लगेच कळलं, तिचा चेहरा उतरला. घोंगडीखाली रास होती. आम्ही सगळ्यांनी राशीकडे बघितलं, मग एकमेकांकडे. बोललेलं परत घ्यायचं कसं? साखळी झाली तेव्हा मी माझा डावा हात बाजूला धरला, समोर सुभीनं तिचा उजवा धरला, आणि मधे एका लहान लेकराएवढी जागा सोडून आम्ही पळायला लागलो.

आता लिहिताना हे पोरखेळासारखं वाटतं. तसं ते होतंही. पण मधे काही नसताना दोन माणसं बरोबर पळत नाहीत, हे कुणीही करून बघावं. एक पुढे जातं, एक मागे राहतं, वळणावर दोन्ही तुकडे दोन बाजूंना जातात. आमचे गेले नाहीत. ती जागा कधी रुंदावली नाही, कधी मिटली नाही. वळण आलं की माझा डावा खांदा खाली ओढला जायचा. मी सुभीकडे बघायचे तर तिचा उजवा खांदाही खाली गेलेला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. खळ्यावर आमचं कुत्रं पडलेलं असायचं. साखळी जवळ आली की ते उठून बाजूला व्हायचं आणि पोरं गेली की परत बसायचं. मधल्या जागेपुढूनही ते तसंच उठून बाजूला व्हायचं.

पळणारी पोरंही त्या जागेतून निसटत नसत. निसटणं सगळ्यात सोपं तिथूनच होतं. नाम्या एकदा तिकडे झेपावला, ऐन वेळी थांबला आणि आपण होऊन माझ्या हाताला लागला. "मधून कसं जाऊ," एवढंच म्हणाला.

माझी पोरगी आता अंगणात साखळी खेळते. ही पोरं ओरडतात, भांडतात, हात सुटला म्हणून एकमेकांच्या झिंज्या धरतात. मला ते बरं वाटतं. फक्त त्यांच्यात एखादं लेकरू कच्चं लिंबू केलं की मी पोरीला काही तरी काम सांगून आत बोलावते. ती पाय आपटत येते. "तुला कामून बघवत न्हाई गं आमचा खेळ?" म्हणते. मी तिच्या हातात खराटा देते.

सोनाकाकू भादव्यापासून घराबाहेर पडत नव्हती. खळ्यावर भाकरी घेऊन आमची मायच यायची. एक दिवस मायच्या पायात काटा भरला, म्हणून टोपलं घेऊन सोनाकाकू आली. आम्ही साखळीत होतो. ती खळ्याच्या कडेला उभी राहिली, टोपलं खाली न ठेवता. आमचे पाय आपोआप थांबले. हात मात्र तसेच होते.

"मधी एवढी जागा कामून सोडली?" तिनं विचारलं.

सुभी म्हणाली, "तितं चिमी हाय काकू."

मला वाटलं ती टोपलं फेकेल, नाहीतर छाती बडवेल. ती जरा वेळ त्या जागेकडे बघत राहिली, आपण लेकराकडे बघतो तेवढ्याच उंचीवर. मग म्हणाली, "दमली तर न्हाई ना?"

"न्हाई काकू."

"मधीच ठिवा तिला. कडंला नगा ठिवू. कडंचं लय फरफटतंय."

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. ऊन कललं की यायची, कडब्याच्या गंजीला टेकून बसायची आणि बघायची. खेळ मोडला, पोरं पांगली की मला जवळ बोलवायची. सुभीला नाही, मला. मी काही बोलत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून असेल. एकदा तिनं विचारलं, "हात गरम असतो का गं तिचा, का गार?"

मी माझा डावा हात तिच्यापुढे केला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला. मग नाकाशी नेला.

"गूळ खाल्ला का तू?"

मी मान हलवून नाही म्हणाले. आमच्या घरात संक्रांतीनंतर गूळ उरला नव्हता.

"हं," ती म्हणाली आणि माझा हात परत माझ्या मांडीवर ठेवला, जपून, जणू तो माझा एकटीचा नव्हता.

इकडे बारक्या रडत असायचा. तो आमच्याच घरी असायचा, मायच्या मांडीवर. सहा-सात महिन्यांचं पोर, पण रडणं म्हाताऱ्यासारखं, बारीक, न थांबणारं. सोनाकाकू त्याला घ्यायची नाही. घेतलंच तर पदराखाली धरायची आणि डोळे खळ्याच्या वाटेला लावून बसायची. त्याला काही मिळायचं नाही, तो तोंड बाजूला करून आणखी रडायचा.

"दूध आटायलंय तिचं," माय बाला सांगत होती. "शेळीचं पाजायले मी, तर पोटात ठरत न्हाई. फासळ्या दिसाय लागल्या लेकराच्या. एक लेकरू गेलं, दुसरंबी घालवती का काय ही."

माय एकदा त्याला घेऊन थेट खळ्यावरच आली. "सोने, निळं पडायलंय रडून. घे त्याला."

सोनाकाकूनं मान वळवली नाही. "ठिवा तितं. खेळ संपू द्या."

"पोरांचा खेळ तो. तो काय संपायचाय?"

"मग न संपू द्या."

किसनकाकाला परभणीच्या मोंढ्यात हमालीचं काम मिळालं होतं. तिकडे खोलीही बघून ठेवली होती. खळं मोडलं, दोन घरांच्या वाटण्या झाल्या की बिऱ्हाड हलवायचं ठरलं होतं. सोनाकाकू म्हणाली, तुमी जावा, बारक्याला न्या, मी हितंच ऱ्हाते. खळं मोडल्यावर कुठं ऱ्हाशील, असं किसनकाकानं विचारलं, तर म्हणाली, मोडू नका. हे भांडण दोन्ही घरांत रोज चालायचं, पण खळ्यावर आलं की कुजबुजीत चालायचं. माणसं एकमेकांना रागानं काही सांगत आहेत आणि आवाज मात्र झोपलेलं पोर उठू नये एवढाच, असं ते दिसायचं.

शेवटची रास भरली. पोती गाडीत गेली, चार पोती तेवढी खळ्याच्या कडेला राहिली. दिवस कलताना बा आणि किसनकाका तिवडा उपटायला आले. सोनाकाकू तिवड्याला पाठ लावून बसली होती.

"वैनी, उठा," बा म्हणाला.

ती उठली नाही. तिला धरून उठवायला कुणी धजलं नाही. खळ्यावर ओढाताण करायची नाही. माय बारक्याला घेऊन मागून आली होती. पोराला आता रडायचीही ताकद नव्हती, ते मायच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून पडलं होतं. आम्ही पोरं कडेला उभी. पळसाला फुलं आलेली होती आणि मावळत्या उन्हात ती काळी दिसत होती. वारा पडला होता.

तेव्हा सुभी पुढे झाली. ती तिवड्यासमोर उकिडवी बसली.

"काकू, चिमी आता कच्चं लिंबू न्हाई."

सोनाकाकूनं पहिल्यांदाच खळ्यावरून नजर काढून माणसाकडे बघितलं. "का गं?"

"कच्चं लिंबू एकच सुगी असतंय. मीबी एकच सुगी होते. हीबी एकच सुगी होती." तिनं माझ्याकडे बोट केलं. "तिची दुसरी सुगी संपायली. पक्कं व्हावं लागतंय. कायदाच हाय."

"मग?"

"मग तिनं एकटीनं पळायचं. साखळीत न्हाई. शिवाशिवी."

शिवाशिवीत कुणी कुणाचा हात धरत नाही. ज्याच्यावर डाव, त्यानं धावून दुसऱ्याला शिवायचं. शिवलं की डाव त्याच्यावर जातो, आणि शिवणारा सुटतो. सुभीनं हे सगळं आधीच मनात धरलं होतं की तिला तेवढ्यापुरतं सुचलं, मला सांगता येणार नाही.

"डाव कुणावर?" सोनाकाकूनं विचारलं.

आम्ही कुणी हात वर केला नाही. नाम्या दोन पावलं मागे सरला.

"माझ्यावर," सोनाकाकू म्हणाली आणि उठली.

तिनं ओचा खोचला, पदर कमरेला गुंडाळला. आम्ही सगळे खळ्याच्या काठावर सरकलो. मायनं बारक्याला माझ्या हातात दिलं आणि तोंडाला पदर लावला. किसनकाका डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरून उभा होता. बासुद्धा तसाच.

आधी ती नुसती चालली, इकडे तिकडे बघत. मग तिला काही दिसल्यासारखं तिचं अंग ताठ झालं. ती पळाली. आपण लेकराला धरायला पळतो तसं, वाकून, हात खाली सोडून. एकदा डावीकडे जाते असं दाखवून उजवीकडे वळली. तिवड्याच्या या अंगाला थांबली, त्या अंगाला डोकावली, पुन्हा इकडे आली. तिच्या तोंडावर हसू होतं. भादव्यापासून ते कुणी बघितलं नव्हतं. तिचे पाय शेणाच्या भुईवर वाजत होते, तेवढाच आवाज. कुत्रं उठलं, खळ्याच्या बाहेर गेलं आणि तिथून आमच्याकडे तोंड करून बसलं. ती तीन-चारदा हुकली. दर वेळी तिचा हात हवेतून रिकामा जायचा आणि ती मान हलवायची, लय पळती बाई, असं म्हटल्यासारखी. माझ्या छातीशी बारक्या होता. त्याचं काळीज माझ्या हाताला लागत होतं.

पोत्यांजवळ ती थांबली. पोती आणि तिच्यामध्ये थोडीच जागा होती. ती हळूहळू वाकली, हात पुढे केला आणि हवेत, लहान लेकराच्या पाठीएवढ्या उंचीवर, तो टेकवला. तो तिथंच राहिला. खाली गेला नाही.

"गावली," ती म्हणाली.

सुभीच्या तोंडून सवयीनं गेलं, "डाव चिमीवर."

हे शब्द हवेत गेले आणि मग त्यांचा अर्थ आमच्यापर्यंत आला. आधी थोरल्यांपर्यंत आला. मी मायला दचकताना बघितलं. लहान लेकरावर डाव आला की ते आधी कुणाकडे धावतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. ते आईकडेच धावतं. आणि आई पळत नाही. ती पळाल्यासारखं करते, मग थांबते, हसते, शिवून घेते.

सोनाकाकू उभी होती. तिचा हात आता खाली आला होता. ती समोर, खाली बघत होती. कुणी हललं नाही. तिचे पाय जमिनीत रोवल्यासारखे होते आणि तिचे हात, मी नीट बघितलं, दोन्ही बाजूंना थोडे उघडायला लागले होते.

बारक्यानं तेव्हा आवाज केला. रडणं नव्हतं ते. माझी वेणी त्याच्या मुठीत आली होती आणि ती ओढता येत नाही म्हणून त्यानं कुरकुर केली, एवढंच. सोनाकाकूनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पोराकडे बघितलं. मग परत समोर खाली. मग तिनं एक पाऊल मागे टाकलं. आणखी एक. डाव असलेल्या पोरापासून पोरं मागे सरतात तसं, नजर न काढता.

"पळा," ती म्हणाली.

ती माझ्याकडे आली, बारक्याला माझ्या हातातून हिसकून घेतलं आणि पळत सुटली. आम्ही सगळे पळालो. सडांतून, ढेकळांतून, भेगांवरून, अनवाणी. सुभी माझ्या पुढे होती, नाम्या रडत होता. बा चप्पल उचलायला वाकला आणि चप्पल न घेताच पळाला. किसनकाका रुमाल हातात धरून पळत होता. माय लंगडत होती तरी मागे राहिली नाही. मागे कुणी बघितलं नाही. आणि सगळ्यांच्या पुढे सोनाकाकू, पोराला छातीशी धरून, एवढी पळणारी बाई मी नंतर कधी बघितली नाही. तिच्या खांद्यावरून बारक्याचं तोंड दिसत होतं. त्याला हिंदकळायची मजा वाटत होती. तो आम्हाला बघून हसत होता.

गावाच्या वेशीला ती खाली बसली. धाप लागून तिला बोलता येत नव्हतं. तिनं पोराला पदराखाली घेतलं. बराच वेळ तो नुसता धडपडत होता. मग गप्प झाला, आणि तो पीत असल्याचा आवाज यायला लागला. आम्ही भोवती उभे राहिलो. कुणाच्या पायातून रक्त येत होतं, ते कुणी बघितलं नाही.

तिवडा बा आणि किसनकाकानं दुसऱ्या दिवशी लख्ख उजाडल्यावर काढला. मला कुणी नेलं नाही. त्याच आठवड्यात किसनकाकाचं बिऱ्हाड गेलं. सोनाकाकू गाडीत बारक्याला मांडीवर घेऊन बसली होती. ती आमच्याकडे बघून हसली, पण खळ्याच्या बाजूनं गाडी जाताना तिनं गाडीवानाला बैल हाणायला सांगितलं. पुढच्या सुगीला खळं दुसऱ्या अंगाला केलं. तिथं आम्ही कधी खेळलो नाही. मी तोपर्यंत शाळेतून निघून माझ्या पाठच्या भावंडांना सांभाळत होते.

तो डाव चिमीवरून उतरवायला त्यानंतर कुणी गेलं नाही. आम्ही सगळे वाढलो, लग्न होऊन गावोगाव गेलो. सुगीत दिवस मावळताना मी रानातून भरभर चालते. नवरा म्हणतो, तुला कशाची एवढी घाई असते. मी म्हणते, चूल पेटवायचीय.

दोन वर्षांखाली गंगाखेडच्या स्टँडवर सोनाकाकू भेटली. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. केस पांढरे झाले होते, पण अंगानं चांगली होती. बरोबर बारक्या होता, तिच्या खांद्याला लागणारा, पिशव्या घेऊन उभा. तिनं माझ्या पोरांच्या तोंडावरून हात फिरवले. सासू कशी आहे, शेत किती आहे, नवरा पितो का, सगळं विचारलं. मी एकेका शब्दात उत्तरं दिली. तिची गाडी लागली, बारक्या जागा धरायला पुढे गेला. ती जायला निघाली आणि थांबली. आजूबाजूला माणसं होती, तरी तिनं आवाज खाली आणला, खळ्यावर बोलावं तसा.

"कुणी गावलं का गं तिला?"

"न्हाई काकू," मी म्हणाले. "अजून कुणीच न्हाई."

तिनं मान हलवली. "पाय लहान हायेत तिचे. पर दमत न्हाई ती." बारक्या खिडकीतून तिला हाक मारत होता. "पळत ऱ्हा माय," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे गेली.